कवडीमोल

नाशिकला समुद्र नाही. गोदावरी आहे, रामकुंड आहे, गंगापूरचे धरण आहे. पण खारे पाणी पाहायचे तर नाशिककराला सह्याद्री उतरून शंभर किलोमीटरच्या वर पश्चिमेला डहाणूच्या किनाऱ्यावर जावे लागते. असे असूनही समुद्रातल्या एका चिमुकल्या गोगलगाईने या गावात जेवढी बिऱ्हाडे थाटली आहेत, तेवढी एखाद्या बंदराच्या गावातही थाटली नसतील. जुन्या वाड्यातल्या देवघरात ती आहे, सारीपाटाच्या पिशवीत ती आहे, पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात ती आहे. आणि जिथे ती प्रत्यक्ष नाही तिथे नाशिककराच्या जिभेवर आहे. मी बोलतो आहे ते कवडीविषयी.

आपल्या बोलण्यात या प्राण्याने किती जागा अडवली आहे, हे एकदा मोजून पाहावे. कंजूष माणूस कवडीचुंबक. निरुपयोगी वस्तूला फुटक्या कवडीची किंमत नाही. चांगले घट्ट लागलेले दही कवडीदार. घराच्या भिंतीत निघणारा पांढऱ्या पट्ट्यांचा साप कवड्या. गोदावरीच्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थबकून खाली सूर मारणारा काळापांढरा पक्षी कवड्या खंड्या. आणि बाजार पडला की माल कवडीमोल. हा शेवटचा शब्द नाशिक जिल्ह्यात दरवर्षी केव्हा ना केव्हा वर्तमानपत्राच्या मथळ्यात झळकतो. त्याच्याकडे मी अखेरीस येणारच आहे. कारण खरे सांगायचे तर त्या शब्दानेच मला या कवडीच्या मागावर लावले.

मागाची सुरुवात पंचवटीत झाली. रामकुंडाकडून वर चढताना दोन्ही बाजूंना पूजेच्या सामानाची दुकाने लागतात. कुंकवाचे ढीग, रुद्राक्ष, तांब्याच्या गडव्या, गंगेच्या पाण्याच्या बाटल्या आणि मधेच कवड्यांची टोपली. एका दुकानावर बसलेल्या मावशींना मी भाव विचारला.

“सुटी घ्याल तर पाच रुपयांना एक, दादा. माळ घ्याल तर कमी करून देईन.”

“मावशी, कवडीला पाच रुपये? मग कवडीमोल कशाला म्हणायचे?”

“ते तुम्ही कांदेवाल्याला विचारा,” मावशी टोपली हलवीत म्हणाल्या. “माझी कवडी काही सडत नाही.”

अर्थशास्त्राच्या चार पुस्तकांचे सार त्या एका वाक्यात होते, हे मला पुढे कळले.

मावशींचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. नवरात्राच्या सुमारास माळा जातात. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ सर्वांच्या परिचयाची आहे. पण देवीला कवडी प्रिय ही श्रद्धा एकट्या तुळजापूरची नव्हे. वणीच्या सप्तशृंगीला निघालेले, चांदवडच्या रेणुकेला निघालेले लोकही वाटेत माळ घेतात. गोंधळी तर कवड्यांच्या माळेवाचून उभाच राहत नाही. दिवाळीच्या दिवसांत मात्र माळ नव्हे, सुटी कवडी खपते. ती लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नाण्यांच्या शेजारी बसते. लक्ष्मी समुद्रातून आली, कवडीही समुद्रातूनच आली. तेव्हा माहेरचे माणूस म्हणून तिला शेजारी बसवणे रीतीला धरूनच आहे. पूजा आटोपली की जुन्या घरांतून याच कवड्या पाटावर यायच्या. किती उताण्या पडल्या, किती पालथ्या, यावर सोंगट्यांचे मरण आणि जगणे ठरायचे.

आता या कवडीचा मूळ धनी कोण, ते पाहू. टोपलीतली कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचे रिकामे घर. उथळ पाण्यातले खडक आणि पोवळ्यांचे बेट ही तिची वस्ती. दिवसा ती दगडाखाली, कपारीत दडून बसते. रात्री बाहेर पडून खडकावरचे शेवाळ खरवडून खाते. जिवंत कवडी पाहिली तर टोपलीतल्या कवडीची ती कुणी लागते, असे चटकन मनात येणार नाही. तिच्या अंगाचे दोन मऊ पदर खालच्या फटीतून बाहेर येतात आणि दोन्ही बाजूंनी वर चढून शिंपल्यावर शालीसारखे मिळतात. स्पर्श झाला की ती शाल आत ओढली जाते आणि लख्ख चकाकणारी पाठ उघडी पडते. ही चकाकी कुणी घासून आणलेली नसते. पदर सतत अंगावर असल्याने शिंपल्याला ना ओरखडा लागतो ना त्यावर शेवाळ धरते. शिवाय नवा थर चढतो तो बाहेरून, त्या पदरातून.

आणखी एक गंमत आहे. लहानपणी कवडी इतर गोगलगाईंसारखीच दिसते. पातळ कवच, एका टोकाला पीळ, मोकळे तोंड. वयात आली की तिचे ओठ आत वळतात, त्यांना दातांच्या रांगा फुटतात आणि तोंडाची अरुंद फट होते. त्यानंतर ती लांबीने वाढत नाही, केवळ जाड होत जाते. मादी दगडाखाली अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत त्यांवर बसून राहते. पिल्ले मात्र पाण्याबरोबर वाहत कुठल्या कुठे जातात.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला दगड उलटून पाहिले तर कवडीच्या काही जाती आढळतात. कुणाच्या पाठीवर नक्षी, कुणाच्या पाठीवर ठिपके. पण जिने जगाचा व्यवहार चालवला ती लहानखुरी, पिवळसर, कडेला गाठी असलेली कवडी विपुल प्रमाणात मिळे ती मालदीव बेटांत. १७५८ साली लिनियसने तिचे नामकरण केले तेव्हा जातीचे नावच ‘मोनेटा’ ठेवले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नाणे! युरोपीय भाषांतले ‘कौरी’ हे नाव आपल्याच कवडी-कौडीपासून गेले आणि आपली कवडी संस्कृत कपर्दिकेपासून आली. कपर्द म्हणजे कवडी आणि कवडीसारखा पिळलेला जटाभारही. म्हणूनच शंकराला कपर्दी म्हणतात. त्र्यंबकेश्वरापासून रामकुंडावरच्या नंदीविना बसलेल्या कपालेश्वरापर्यंत जिथे तिथे शिवाचे राज्य असलेल्या या मुलखात कवडीला मान मिळावा, यात नवल नाही.

मालदीवचे लोक नारळीच्या झावळ्या उथळ पाण्यात सोडत, त्यांना कवड्या चिकटत आणि मग त्या ओढून घेत, असे जुन्या अरबी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता त्या बेटांवर राहिला होता. तो सांगतो की, जमवलेल्या कवड्या खड्ड्यात पुरत. आतले मांस कुजून गेले की पांढरे कवच उरे. सोन्याच्या एका दिनारला चार लाख कवड्या मिळत आणि भाव उतरला म्हणजे बारा लाखही मिळत. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत. एक कवडी म्हणजे एक जीव. दिनारभर सोन्यासाठी चार लाख जीव खड्ड्यात जात होते. आपण ‘कवडीची किंमत’ म्हणतो तेव्हा ही किंमत मोजणारा तो मूळ धनी कुणाच्या ध्यानात येत नाही.

समुद्राची वस्तू घाटावर चढायला वाट लागते आणि ती वाट नाशिकच्या हद्दीत दगडावर कोरून ठेवलेली आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने गावाबाहेर दक्षिणेकडे सात-आठ किलोमीटर गेले की त्रिरश्मी डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंची. पायऱ्या चढताना धाप लागते. पण दहाव्या लेण्याच्या ओवरीत उभे राहिले की श्रम विसरायला होतात. भिंतीवर ब्राह्मी लिपीतल्या ओळींवर ओळी आहेत. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे हे दानलेख. वय सुमारे एकोणीसशे वर्षे.

उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकशेजारचे गोवर्धन आणि आजचे नालासोपारा. नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. त्यांत तापी आहे, दमण आहे आणि चक्क डहाणूकाही आहे. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल थळघाट चढून गोवर्धनला यावा आणि तिथून देशावर पसरावा, अशी ती वाट होती. माझ्या समजुतीने कवडीही याच वाटेने बैलाच्या पाठीवर बसून वर आली असणार.

त्याच लेण्यात एक हिशेब कोरला आहे. उषवदाताने तीन हजार कहापण, म्हणजे कार्षापण, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजार दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, एक हजार पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यायचे. मी तिथेच कट्ट्यावर बसून बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका नाण्याचाही फरक नाही! दुसऱ्या एका ठिकाणी सोन्याचा भावही दिला आहे: पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर नोंदवला, हेही लेख सांगतो. आजच्या पतपेढ्यांच्या सभासदांनी ही ओवरी एकदा अवश्य पाहावी.

नहपानाचे राज्य पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवले. त्याचा पुरावाही नाशिकजवळच निघाला. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप ठोकलेला. राजा बदलला की नाण्याला असा मार खावा लागतो. कवडीवर कुणाचाच छाप नाही, म्हणून तिला कुणी हरवलेही नाही.

आता त्या ‘कहापण’ शब्दाचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. नाशिकच्या दगडावरचे ते नाणे काळाच्या ओघात नाहीसे झाले. पण शब्द पूर्वेकडे बंगाल-ओडिशात ‘काहण’ होऊन जगला आणि तिथे तो कवड्या मोजण्याचे माप झाला. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचे काहण. गुणाकार केला तर एका काहणात १२८० कवड्या. या गणिताने मला आपल्याच एका थोर माणसाची आठवण झाली. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’ लिहिली, तिच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे. वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. वराटक म्हणजे कवडी. वीस चोक ऐंशी कवड्यांचा पण आणि त्याच्या सोळापट द्रम्म, म्हणजे पुन्हा १२८०! भास्कराचार्य सह्याद्रीच्या कुशीतले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास काढलेल्या मठाचा शिलालेख नाशिकच्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. सह्याद्रीतला पंडित आणि बंगालचा मोदी, दोघे एकाच कोष्टकाने कवड्या मोजत होते.

इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला बंगालात चार काहणांचा एक रुपया धरत. म्हणजे ५१२० कवड्या. एका कवडीचे वजन ग्रॅमभर धरले तरी रुपयाचे वजन पाच किलो झाले. १७७८ साली रॉबर्ट लिंडसे हा कंपनीचा अधिकारी सिल्हेटला गेला, तो पाहतो तर जिल्ह्याचा महसूल कवड्यांत गोळा होतो आहे. तो साठवायला कोठारे हवीत आणि ढाक्याला पोहोचवायला नावांचा ताफा हवा! आपल्याला हसू येते. पण त्या मुलखातल्या गरिबाला ही कवडी फार सोयीची होती. मूठभर भाजी, चिमूटभर मीठ, अर्ध्या दिवसाची मजुरी एवढ्या बारीक व्यवहाराला पुरेल असे नाणे कुठल्या राजाने पाडले होते? कवडी खोटी करता येत नाही, गंजत नाही, मोडत नाही, आणि अक्षरशत्रूलाही मोजता येते.

हे सुख कुठे मोडले, ते ओडिशात पाहावे. १८०३ साली कंपनीने तो प्रांत घेतला आणि थोड्याच वर्षांत फर्मावले की, सारा चांदीच्या रुपयांतच भरला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात कवड्या. सरकारला रुपये हवेत. मग सावकाराकडे जा आणि रुपया विकत घ्या. कागदावर रुपया चार काहणांचा. पण सगळेच रुपये शोधू लागल्यावर बाजारात त्याला कितीतरी अधिक कवड्या मोजाव्या लागल्या. पीक तेवढेच, कष्ट तेवढेच, कवड्याही तेवढ्याच. तरी सारा मात्र वाढला. १८१७ साली बक्षी जगबंधूंच्या पुढारपणाखाली पाइकांचा जो उठाव झाला, त्याच्या कारणांत हे एक कारण इतिहासकार देतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने तेच घडले. तिथे कवड्या देऊन माणसे विकत घेण्याचा घोर व्यापार शतकानुशतके चालला होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारकडच्या दुसऱ्या जातीच्या स्वस्त कवड्या जहाजे भरभरून तिथे ओतल्या आणि लोकांनी जन्मभर साठवलेल्या कवड्यांची माती झाली. कवडी तीच, लखलखीत, न सडणारी. मोल मात्र कवडीत नव्हतेच. ते कुणी तरी दूर बसलेला ठरवत होता.

या विचारात मी नाशिकरोडला पोहोचलो. इथे उंच भिंतींच्या आड सरकारचे छापखाने आहेत. पूर्वी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. १९२८ साली त्या इथे छापल्या जाऊ लागल्या. ‘प्रेसमध्ये आहे’ एवढे सांगितले की नाशकात पुढे काही विचारावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या छापखान्यांवर घरे उभी राहिली. शिवाय १९८० साली त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था निघाली. म्हणजे दगडावर कोरलेला कहापण, जमिनीतून निघालेली चांदी, कागदाची नोट आणि नाण्यांचे शास्त्र, सारे या एकाच जिल्ह्यात. पैशाचे असे चौफेर तीर्थक्षेत्र दुसरे मला ठाऊक नाही. आणि तरीही ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नोटा छापणाऱ्या या जिल्ह्यातच रोख पैशावाचून कांद्याचे लिलाव थबकले होते.

नाशिकरोडहून मी निफाडच्या बाजूला गेलो. द्राक्षांचे मळे मागे पडतात आणि कांद्याचा वास सुरू होतो. लासलगाव ही आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एकेका ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका फिरतो, हातात कांदे घेतो, बोली पुकारतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत पुढे सरकतो. चार-पाच महिने राबलेला माणूस त्या वेळी ट्रॉलीवर उभा असतो आणि एक शब्द बोलत नाही. त्याची नजर बोली पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे असते. तेवढ्या दोन मिनिटांत मुलीचे लग्न, विहिरीचे कर्ज, मुलाची फी यांचा निकाल लागतो.

२०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकला. हाती आले १०६४ रुपये. किलोला एक रुपया चाळीस पैसे. ते पैसे त्याने सरळ पंतप्रधानांच्या नावे मनिऑर्डर करून पाठवून दिले. वर्तमानपत्रांनी नेहमीप्रमाणे लिहिले: कांदा कवडीमोल.

मी तिथे उभा राहून पंचवटीतल्या मावशींच्या भावाने हिशेब केला. कवडी पाच रुपयांना एक. किलोला एक रुपया चाळीस पैसे, तर एका कवडीला साडेतीन किलो कांदा! साडेसातशे किलोंच्या त्या मालाच्या कवड्या आल्या असत्या जेमतेम दोनशे तेरा. उलट, त्या शेतकऱ्याला खरोखर ‘कवडीमोल’, म्हणजे कांद्याला एक कवडी, एवढा भाव मिळाला असता तर? किलोत दहा कांदे धरले तरी साडेसात हजार कवड्या, त्यांचे साडेसदतीस हजार रुपये. तो आनंदाने घरी गेला असता आणि त्याच्या दारात दिवाळी झाली असती.

म्हणून माझी संपादकांना आणि आपणा सर्वांना विनंती आहे की, तो शब्द आता जरा जपून वापरावा. कवडी स्वस्त कधीच नव्हती. तिच्यासाठी एक जीव कपारीतून ओढून काढावा लागे, तिच्यापायी ओडिशाच्या शेतकऱ्याने हत्यार उचलले, तिच्या मोबदल्यात माणसे विकली गेली. स्वस्त होते आणि आहे ते ट्रॉलीवर उभ्या राहिलेल्या माणसाचे वर्ष.

परवाच्या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर कवडी मांडाल तेव्हा तिच्या शेजारी दोन कांदेही ठेवा. नैवेद्याच्या पंक्तीला कांदा चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिशेबाच्या वहीची पूजा आपण करतोच. मग ज्याचा हिशेब चुकता व्हायचा राहिला आहे, त्याच्या घामाला एक दिवस त्या चौरंगावर जागा मिळायला हरकत नसावी.